खाजऱ्या पोरांची मालकीण

आमच्या घरमालकीणबाईंच्या तावडीतून सुटलेलं खाजरं पोर त्या काळी अख्ख्या पिंपरीत नव्हतं. पोर कोणाचं, आईबाप कुठल्या गावचे, ते इथंच राहतं की बाजाराला म्हणून आलंय, ही सगळी चौकशी बाई मागाहून करायच्या. आधी मनगट धरायच्या. रस्त्याने चाललेल्या मुलाचा हात नुसता बगलेकडे वळताना दिसला, की ओट्यावर गहू पाखडत बसलेल्या बाई सूप खाली ठेवून अशा चपळाईने उठायच्या की अंगणातल्या कोंबड्या उडायच्या. मग त्या मुलाची बोटं फाकवून बेचक्यांत डोळे घालून बघायच्या आणि तिथूनच आरोळी ठोकायच्या, "डाक्टर, आलं वो आनखी एक!" आणि आत बसलेला मी, दुपारचा चहा अजून घशाखाली उतरायचाय, कपाळाला हात लावायचो.

मी तेव्हा नवा डॉक्टर होतो, पण थकवा मात्र मुरलेल्या माणसाचा होता. रेल्वेलाइनीच्या पलीकडे औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता, आणखी कंपन्या येणार अशी बोलवा होती, आणि त्या बोलवेवर सातारा, कोकण, बीड, कुठून कुठून माणसं येऊन उतरत होती. एका खोलीत आठ-आठ जणं, आणि आठांत दोन गोधड्या. खरूज अशा खोलीत भाडेकरू म्हणून राहत नाही, मालकी हक्काने राहते. सकाळी दवाखाना उघडला की खरूज, मग नायटे, मग गळवं, मग डोक्यातल्या खपल्या, मग दुपारी पुन्हा सकाळचीच खरूज, कारण औषध लावून घरी गेलेलं मूल संध्याकाळी भावाच्या कुशीत झोपायचं आणि आठवड्याने दोघं मिळून यायचे. कॉलेजात असताना छातीला नळी लावून हृदयाचे बारीकसारीक आवाज ओळखण्यात माझं नाव होतं. पिंपरीत त्या नळीला गंधकाच्या मलमाचा वास यायला लागला. त्यात लोकांचा हट्ट असा, की मलम नको, सुई द्या. "एक सुई मारा की डाक्टर, कारखाना तर हितंच हाय," असं मला रोज कोणीतरी सांगायचं. जणू मी उठून रूळ ओलांडायचे आणि वाटीभर औषध घेऊन यायचं.

बाईंनी मला सोप्यातल्या दोन खोल्या दवाखान्याला दिल्या त्यामागेही त्यांचा एक विचार होता. "घरात डाक्टर असला म्हंजी चोर येत न्हाईत," असं त्या म्हणाल्या. का येत नाहीत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. घर पिंपरी गावातल्या जुन्या शेतकऱ्याचं, ऐसपैस, मागे अंगण, अंगणाच्या कडेने भाड्याच्या खोल्यांची ओळ. बाईंचे यजमान, ज्यांना सगळे नुसतं 'मालक' म्हणायचे, ते पहाटे मळ्यात जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. मधल्या काळात घरावर, आळीवर आणि माझ्यावर बाईंचं राज्य असायचं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझ्या दवाखान्याची नीट मांडणी लावून दिली. खाजरी पोरं ओट्याच्या डावीकडे, पिकलेली उजवीकडे, आणि डोक्यांची तक्रार असलेली मधे, पायरीवर. कोण कुठे बसणार हे त्या ठरवायच्या. एकदा मोशीहून बैलगाडी करून आलेल्या एका शाळामास्तरांना त्यांनी पिकलेल्यांत बसवलं. मास्तर कान फुटला म्हणून आले होते. "मंग पिकलंयच की," बाई म्हणाल्या.

आता एवढा अधिकार गाजवणाऱ्या बाईंचं निदान तरी बरोबर असावं! छे! दहांतली नऊ निदानं साफ चुकायची, आणि दहावं मी आधी मोठ्याने बोललेलो असायचो. एका वैशाखात आळीतल्या दोन-चार मुलांच्या पाठीवर घामोळं उठलं. घामोळं म्हणजे घामोळं, पिंपरीच्या पत्र्याखाली राहणाऱ्या कोणालाही उठेल. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि आळीत गोवर आला म्हणून जाहीर केलं. झालं! दारोदार कडुनिंबाचे डहाळे लागले. घरात देवीची पीडा असली की फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही, ही रीत. बाईंनी ती एका घरापुरती न ठेवता सबंध आळीला लावली. मी घसा कोरडा करून सांगितलं की हे घामोळं आहे, गार पाण्याने आंघोळ घाला. बाई म्हणाल्या, "तुमी शिकलेलं हाय, तुमास्नी असंच वाटनार." घामोळं जाईपर्यंत आळी बिनफोडणीचं वरण खात होती. माझा डबा बाईंच्याच घरून यायचा, तेव्हा मीही खात होतो.

औषधांपैकी त्यांचा जीव जडला होता तो जांभळ्या औषधावर. चिघळलेल्या फोडांना लावायचं ते पातळ जांभळं औषध मी जपून वापरायचो, कारण ते अंगाला, कपड्याला, भिंतीला, कुठेही लागलं की निघत नाही. बाईंना नेमका हाच गुण आवडायचा. "लावल्यालं दिसतंय तरी," त्या म्हणायच्या. बाटली माझ्या नजरेआड झाली की वासराचं नाक जांभळं व्हायचं, मांजराचा कान जांभळा व्हायचा, आणि एकदा तर मालक दोन्ही अंगठे जांभळे घेऊन ग्रामपंचायतीच्या बैठकीला गेले. आणि बिब्बा! चऱ्होलीहून, म्हणजे बाईंच्या माहेरहून, एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. नायटा जावा म्हणून तिने पोराच्या मांडीवर बिब्बा लावला होता, तो उतला आणि मांडीभर फोड आले. पोर कळवळत होतं. बाईंनी त्या आईची जी खरडपट्टी काढली ती रस्त्यावरच्या टांगेवाल्याने टांगा थांबवून ऐकली. लेकराच्या कातड्याला बिब्बा लावतात व्हय, अक्कल गहाण टाकलीस का, आईबापांनी हेच शिकवलं का, काही विचारू नका. मी मनात म्हटलं, चला, माझ्या बोलण्यातलं एक वाक्य तरी बाईंपर्यंत पोचलं. चार दिवसांनी पाहतो तर बाई ओट्यावर बसून स्वतःच्या टाचेच्या भेगांत गरम बिब्बा भरतायत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "ही माझी टाच हाय," त्या म्हणाल्या, "पोराची मांडी न्हाई."

असं असूनही मी दवाखाना दुसरीकडे हलवला नाही, याचं कारण सांगतो. अंगभर औषध लावून घेणारं मूल धरून ठेवणं हे काम मला जमत नव्हतं, आईबापांना जमत नव्हतं, ते या बाईंना जमायचं. खरजेचं ते पांढरं पातळ औषध खाजवून सोललेल्या कातडीवर लागलं की अशी आग होते की मोठा माणूस नाचेल. बाई मुलाला मांडीवर घ्यायच्या, आपला कान पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ही माझी कुडी ढिली झालीया. धर घट्ट. सुटली तर गटारात जाईल, मंग मालक मला घरात घेनार न्हाईत." मूल घाबरून दोन्ही हातांनी कुडी धरायचं. दोन्ही हात गुंतले! आग व्हायला लागली की ते कुडी आणखी घट्ट धरायचं, कान ताणला जायचा, बाईंचे डोळे पाण्याने भरायचे आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "डाक्टर, बिगी बिगी हात चालवा." निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बायांना मराठी येत नव्हतं, टांगेवाल्या खानसाहेबांची मुलं दख्खनीत रडायची, पण कुडीची ही भानगड सगळ्यांना न सांगता कळायची. बाईंच्या कानाची पाळी पुढेपुढे लोंबायला लागली होती ती या माझ्या धंद्यापायी.

आणि मी घरोघर सांगून थकलो होतो ती गोष्टही बाईंनीच तडीस नेली. खरूज एका पोराची नसते, सबंध घराची असते. सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळव्यापर्यंत औषध लावायचं, त्याच दिवशी कपडे-पांघरुणं उकळायची, तरच ती जाते. मी हे सांगायचो, लोक मान डोलवायचे, आणि पोरापुरतं मलम घेऊन जायचे. बाईंना यातलं शास्त्र पटलं नव्हतंच, पण अख्खी आळी एकाच वेळी कामाला लावायची ही कल्पना त्यांना फार पसंत पडली. त्यांनी परसातली गूळ करायची काहील बाहेर काढली, तीन दगडांवर चढवली, आणि रविवार धरून आळीतल्या सगळ्या गोधड्या त्यात घालून लाकडी दांड्याने ढवळायला लागल्या. गोधडी न आणणाऱ्याच्या दारात जाऊन त्या स्वतः ती दोरीवरून ओढून आणायच्या, मग आत कोणी झोपलेलं असलं तरी. पुरुष मंडळी औषध लावून घ्यायला तयार नसायची, कामावर वास मारतो म्हणायची. कराडकडचा एक फिटर तर शिफ्ट सुटली की मागच्या वाटेने, नदीच्या कडेने घरी यायला लागला. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी बाटली आणि कापूस घेऊन सरळ कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिफ्ट सुटली, शेकडो माणसं बाहेर पडली, आणि बाईंनी त्यातून त्याला नावाने हाक मारली. पुढे त्या फिटरला कंपनीत काय नाव पडलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याच्या घरातली खरूज गेली, आणि त्या वर्षी आळीतल्या बऱ्याच घरांतली गेली. अर्थात पावसाळ्यानंतर नवी माणसं आली आणि खरूजही परत आली. थकवा येणार नाही तर काय होईल हो?

त्याच पावसाळ्यानंतर सुलूचं प्रकरण झालं. मागच्या ओळीतल्या कडेच्या खोलीत राजापूरकडचं एक बिऱ्हाड राहायला आलं होतं. बाप कंपनीत हेल्पर, आई, कडेवरचं तान्हं, आणि सहा वर्षांची सुलू. पोरगी चुणचुणीत, गालांना खळ्या पडायच्या. त्या गालांवर आणि दोन्ही दंडांवर पुसट पांढरे चट्टे उठले. आमच्या आळीत खरजेला कोणी भीत नव्हतं, पण पांढरा चट्टा म्हटल्यावर बायकांच्या हातातला तांब्या गळून पडायचा. महारोग! हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण आठवड्याच्या आत सुलूच्या आईने पाणी भरलं की पुढची बाई नळ राखेने घासायला लागली. बाकीची पोरं सुलूला पाहून अंगणातून उठून जायची.

मी सुलूला दवाखान्यात बोलावलं. उजेडात चट्टे पाहिले. कोरडे, वरून भुसा सुटावा तसे, कडा अस्पष्ट. तिला डोळे मिटायला लावून कापसाची बारीक वात चट्ट्यांवरून फिरवली, आणि पोरगी खिदळायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून. मग सुई हलकेच टोचली. "लागलं!" ती ओरडली. दरवेळी ओरडली. महारोगाच्या चट्ट्यावर असं लागत नाही, तिथली कातडी बधिर होते. मी तिच्या बापाला बाहेर सगळ्यांसमोर सांगितलं, की हा महारोग नाही, कोडही नाही, लहान मुलांना उठतात तसले साधे चट्टे आहेत, तेल लावा, हे मलम लावा, काही महिन्यांत जातील. आणि मग, खरं बोलायची सवय म्हणून, एवढंच पुढे जोडलं की दोन महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवून जा. बस्स! आळीने बाकीचं सगळं सोडलं आणि तेवढंच उचललं. पुन्हा दाखवा म्हणतो, म्हणजे डॉक्टरलाच खात्री नाही.

बाकीच्या बिऱ्हाडांनी मिळून बाईंना येऊन सांगितलं, एक तर ते राहतील, नाही तर आम्ही. बाई एरवी अशा वेळी काय बोलल्या असत्या ते मी तोंडपाठ सांगू शकलो असतो. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "घट बसल्यात. घटात कुनाला भायेर काढत न्हाईत. दसऱ्यापत्तुर दम धरा." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी दार लावून आत बसलो, तेव्हा सुलूचा बाप आला. उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तुमचा खरा असंल वो डॉक्टरसायेब, पन आळी ऐकत नाय. कंपनीत कळला तर माजा काम जाईल. हिला दसऱ्यानंतर तिकडं नेऊन सोडतंय." तिकडं म्हणजे महारोग्यांसाठी कोणी चालवलेला आश्रम होता, आडबाजूला, एस.टी. बदलत जावं लागायचं. सहा वर्षांची पोरगी, अंगात रोग नाही, आणि बाप तिला तिथे ठेवून येणार! मी संतापलो, हात जोडले, चिठ्ठी लिहून देतो म्हटलं. तो नुसता मान हलवत राहिला. त्याची बायको मागे उभी होती. ती रडतही नव्हती, पोरीचे केस विंचरत होती, पुन्हा पुन्हा विंचरत होती. त्या दिवशी मला स्वतःच्या धंद्याचा असा वीट आला म्हणून सांगू!

बाईंच्या घरी खंडेनवमीला घट उठायचे. नऊ दिवस त्यांचा कडक उपास, आणि तो सोडायचा तो कुमारिका जेवू घालून. आळीतल्या मुलींना दरसाल आमंत्रण असायचं, त्यांच्या आया बघायला जमायच्या. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा, म्हणून पुरुषही लवकर सुटून घरी आले होते, कपाळाला गुलाल आणि हातात पेढ्यांच्या पुड्या. मला बाईंनी मुद्दाम आत बोलावून घेतलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. मुली परकर नेसून रांगेत बसल्या. पहिला पाट रिकामा होता. बाई मागच्या दाराने गेल्या आणि सुलूचं मनगट धरून तिला घेऊन आल्या.

बाईंनी तिला पहिल्या पाटावर बसवलं. परात पुढे ओढली, सुलूचे पाय आपल्या हाताने धुतले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा हात फिरवून धुतले, आणि ते पाणी आपल्या डोळ्यांना लावलं. हळदकुंकू लावताना त्यांचा अंगठा तिच्या गालावरच्या चट्ट्यावरून गेला. मग पहिली पुरणपोळी तिच्या पानात वाढली. पोरगी भेदरली होती, आईकडे बघत होती. "खा गं," बाई म्हणाल्या, "आज तू देवी हायेस. देवीनं खाल्ल्याबिगर माझा उपास सुटत न्हाई." सुलूने अर्धी पोळी खाल्ली, अर्धी राहिली. बाईंनी ते पान उचललं, तिथंच, सगळ्यांच्या देखत खाली बसल्या, आणि तिच्या उष्ट्या पोळीचा तुकडा तोडून नऊ दिवसांचा उपास सोडला.

फिटरची बायको, जिने सगळ्यांत आधी नळ घासायला सुरुवात केली होती, ती पुढे आली. मग तिने रांगेच्या टोकाला बसलेल्या आपल्या मुलीला उठवलं. मला वाटलं, चालली आता घेऊन. तिने ती मुलगी सुलूच्या शेजारच्या पाटावर आणून बसवली आणि पदराने तोंड पुसत बाजूला झाली. सुलूचा बाप दाराबाहेरून बघत होता. दसऱ्यानंतर तो एस.टी.ने कुठेही गेला नाही. सुलू अंगणात खेळायला लागली, नळावरची राख गेली. चट्टे शिमग्याच्या सुमारास पुसले गेले. बाईंनी आळीभर सांगितलं, देवीनं बरं केलं. मीही हो म्हणून टाकलं, वाद घालायचं त्राण कोणाला होतं!

पण मला सांगायचंय ते शिमग्याच्या आधीचं, दिवाळीनंतरच्या दिवसांतलं. एका मुलाला औषध लावत होतो, बाईंनी त्याला मांडीवर धरलं होतं, आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दहाही बोटांच्या टोकांवर लाल ठिपके होते, काही वाळलेले, काही ताजे. एक बोट चांगलं सुजून पिकलं होतं. मूल गेल्यावर मी त्यांना थांबवलं. "हे काय झालं?" म्हटलं. त्यांनी हात पदराखाली घेतले. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काय न्हाई. सुई टोचून बघती. रोज सकाळच्याला."

"कशासाठी?"

"लागतंय का बघाया. तुमी त्या पोरीला बघत हुता तसं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "अहो, मी सांगितलं होतं ना तुम्हाला," मी म्हणालो, "सगळ्यांसमोर सांगितलं होतं. महारोग नाही म्हणून. तुमचा विश्वास बसला नव्हता?"

"तुमी काय, गरिबाला बरं वाटावं म्हनून काय बी सांगता," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा दाखवा म्हनला हुता की न्हाई?"

"मग तिला महारोगच आहे असं धरून चालला होतात? आणि तरी तिचं उष्टं खाल्लंत?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अक्कल नसल्यासारखं विचारलं होतं. "मंग काय करनार? बाप घिऊन चालला हुता तिला. तुमचं कोन ऐकत हुतं? पोर जाऊ द्यायाची व्हय?"

मी त्यांचं बोट धुतलं, पू काढला, पट्टी बांधली. मग कापसाची वात केली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. नाही-होय करत त्यांनी मिटले. मी एकेका बोटावरून वात फिरवली, तळव्यावरून, मनगटावरून. "इथं?" "लागतंय." "इथं?" "लागतंय." बारीकसा स्पर्शसुद्धा त्यांना कळत होता, कळणारच होता, मला दुसरी शंकाच नव्हती, तरी मी सगळ्या बोटांवरून फिरवली, सावकाश, घाई न करता, कारण ही बाई गेले कितीतरी दिवस रोज सकाळी एकटी बसून हेच करत होती आणि मला तिने त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि खालून पाणी यायला लागलं होतं. "लागतंय वो डाक्टर," त्या म्हणत राहिल्या, "लागतंय."

माझं निदान पटणारे पेशंट मला पुढे पुष्कळ मिळाले. सुलूला महारोग नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तिचं ते उष्टं पान मीही बिनघोर उचललं असतं. बाईंना तसं काहीच ठाऊक नव्हतं.